बटाटा मुळ्ये यांचे रक्तदान

भास्कर मुळ्ये यांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीला पटकन हो म्हटलेलं नव्हतं. एका सरकारी खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली (कुठल्या ते विचारू नका, तिथली माणसं अजून खुर्चीत आहेत आणि रत्नागिरी लहान आहे). समोर आलेल्या प्रत्येक कागदावर ते आधी 'चर्चा करावी' असं लिहीत आणि मग तो कागद वाचत. लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का असं विचारल्यावरही ते म्हणे 'बघू' असंच म्हणाले होते. कमलाताई ते 'बघू' अजून विसरलेल्या नाहीत. अशा माणसाच्या तोंडून फोनवर, एका दमात 'हो' निघून गेलं आणि पुढचं सगळं रामायण त्या एका 'हो'मुळे घडलं.

फोन होता डॉक्टर समीक्षा पावसकरांचा. या कुत्र्यामांजरांच्या डॉक्टर. मुळ्यांचा बटाटा त्यांचा पेशंट. बटाटा म्हणजे कुत्रा. जातीने लॅब्रेडॉर, रंगाने नुकता सोललेला उकडलेला बटाटा. मुलाने, सलिलने, पुण्यात असताना तो हौसेने घेतला, हौसेने नाव ठेवलं आणि बंगळूरला बदली झाल्यावर तितक्याच हौसेने आईवडिलांच्या दारात आणून सोडला. 'दोनच महिने सांभाळा' म्हणाला होता. त्याला आता तीन वर्षं होतील.

"मुळ्येकाका, बटाट्याचं वजन किती आहे हो सध्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मागच्या खेपेला याच विषयावर भास्कररावांनी त्यांची बोलणी खाल्ली होती. त्यामुळे त्यांनी सावधपणे सहा-सात किलो आपल्याकडेच ठेवून घेतले. "असेल एकतीस-बत्तीस."

"वा, छान. काका, थोडं रक्त द्याल का? फार निकड आहे."

सुई दिसली की भास्कररावांना आधी पाणी लागतं आणि मग खुर्ची. कचेरीत रक्तदान शिबिर असलं की त्या दिवशी त्यांच्या कुळाचाराची तिथी यायची. एका वर्षी ती तीनदा आली. "माझं?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"अहो, तुमचं घेऊन मी काय करू? बटाट्याचं. इथे एका कुत्र्याला द्यायचंय."

"मग हो," भास्करराव म्हणाले. "अवश्य. लागेल तेवढं घ्या."

सुटकेच्या भरात माणूस किती उदार होतो ते बघा.

संध्याकाळी रक्ताचा नमुना द्यायला ते बटाट्याला घेऊन दवाखान्यात गेले. बाहेरच्या बाकड्यावर एक म्हातारा बसला होता. पांढरी टोपी, पायजमा, आणि मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं काळं गावठी कुत्रं. रावजी त्याचं नाव. सावर्ड्याच्या आत कुठेतरी वाडी आहे, तिथून आंब्याच्या रिकाम्या टेम्पोत बसून तो आला होता. कुत्र्याचं नाव खंड्या. खंड्या नुसता पडून होता. बटाट्याने जवळ जाऊन सवयीप्रमाणे त्याचं नाक, कान, शेपूट अशी रीतसर चौकशी केली, तरी त्याने डोळ्यांची पापणी हलवली नाही.

"गोचिडांचा ताप आहे," डॉक्टर समीक्षा म्हणाल्या. त्यांनी खंड्याचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. पांढऱ्याफटक होत्या. "अंगात रक्तच उरलेलं नाही. औषध सुरू केलंय, पण औषध लागू पडेपर्यंत तो टिकायला हवा. उद्या दुपारपर्यंत रक्त चढलं नाही, तर मी काही सांगू शकत नाही."

"मग आत्ताच घ्या की," भास्करराव म्हणाले. सकाळपासून त्यांच्यात दानशूरपणा संचारला होता.

"रक्त घ्यायची पिशवी माझ्याजवळची संपली. कोल्हापूरहून रातराणीच्या गाडीने पाठवतायत, सकाळी मिळेल. तोवर बटाट्याची तपासणी होईल, दोघांचं रक्त जुळतंय का तेही बघते. सकाळी नऊला आणा त्याला. रात्री हलकं जेवण, सकाळी पोटात काही नको. आणि काका, त्याला शांत ठेवा. दगदग नको, गर्दी नको."

रावजी हे सगळं ऐकत होता. तो भास्कररावांकडे वळून म्हणाला, "पोरगे मुंबयला असतात ओ. घरवाली गेल्याला तीन वरसं झाली. घरात मी नि ह्यो." मग थोडं थांबून म्हणाला, "सांजच्याला दोघं पडवीत बसतो. ह्यो गेला तर मी बोलू कोनाशी?"

भास्कररावांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो लगेच उचलला, कारण अशी कामं ते सहसा करत नसत. "उद्या नऊला आलोच," ते म्हणाले. आणि ते त्यांच्या अगदी मनातलं होतं, हे आपण विसरू नये. पुढे जे झालं ते वाईट बुद्धीने झालं नाही.

झालं ते व्हॉट्सअ‍ॅपमुळे. मुळ्ये राहतात त्या सोसायटीचं नाव 'सुरूबन'. पूर्वी तिथे सुरूची झाडं होती, ती तोडून सोसायटी झाली आणि आठवण म्हणून नाव ठेवलं. सोसायटीचा 'सुरूबन परिवार' नावाचा ग्रुप आहे. त्यावर भास्कररावांनी घरी येताच लिहिलं, 'कळविण्यास समाधान वाटते की, आमचा बटाटा उद्या सकाळी एका अत्यवस्थ श्वानास रक्त देणार आहे. सर्वांच्या सदिच्छा असाव्यात.' एवढं लिहून गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

दहा मिनिटांत दारावरची घंटा वाजायला लागली. पहिली आली दुसऱ्या मजल्यावरची दर्शना, हातात बिटाचा हलवा घेऊन. रक्तवाढीला बिटासारखं दुसरं काही नाही, तिच्या बाळंतपणात सासूबाईंनी हेच दिलं होतं. पाठोपाठ तळमजल्यावरच्या गंगाकाकू खजूर घेऊन आल्या आणि बिटाने नुसता रंग येतो, ताकद येत नाही, असं दर्शनाच्या तोंडावर सांगून गेल्या. कोणी म्हणालं डाळिंब, कोणी म्हणालं नाचणीचं आंबील, आणि एका निवृत्त गृहस्थांनी रक्त देताना बटाट्याचं डोकं पूर्वेकडे असावं एवढंच सुचवलं. त्यांनीच पुढे विचारलं, "पण लॅब्रेडॉरचं रक्त गावठीला चालतं का हो? म्हणजे, आपलं कोणाच्या अंगात जातंय ते बघायला नको?"

"त्याला पत्रिका लागत नाही," भास्करराव जरा तडकून म्हणाले. त्यांना स्वतःलाच त्या उत्तराचं कौतुक वाटलं आणि ते त्यांनी कमलाताईंना दोनदा ऐकवलं.

कमलाताई मात्र दारात उभ्या राहून एकेक वाटी परतवून लावत होत्या. बटाट्याचं जेवणखाण त्यांच्या हातात. वरणभात, पोळी, आणि एक उकडलेलं अंडं. मुळ्यांच्या घरात अंडं येत नाही. ते गॅलरीत येतं, गॅलरीतल्या शेगडीवर उकडतं आणि गॅलरीतच संपतं, त्यामुळे घराला बाधा येत नाही. त्या दिवशी त्यांनी बटाट्याला मऊ भात तेवढा घातला आणि फणकाऱ्याने म्हणाल्या, "डॉक्टर एक सांगतायत आणि तुम्ही गावभर दवंडी पिटताय. त्याला शांत ठेवायचंय ना?"

तेवढ्यात सदूभाऊ आले. सदूभाऊ रेडीज म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. वय पंचेचाळीस, अंगात दोन माणसांचा उत्साह. सोसायटीच्या हॉलसाठी नवा माइक आणि दोन स्पीकर घेऊन चार महिने झाले होते आणि अजून एकही कार्यक्रम जुळून आला नव्हता. माइक डब्यात पडून होता आणि सदूभाऊंना ते बघवत नव्हतं.

"भास्करकाका, उद्या सकाळी आठ वाजता हॉलमध्ये सत्कार," ते बूट काढता काढता म्हणाले. "बटाट्याचा आणि तुमचा. आमचे माजी सभापती येतायत, फोन झालाय माझा."

"अहो सदूभाऊ, आधी रक्त तर देऊ दे त्याला."

"तिथेच तर सगळे चुकतात. दिल्यावर केलेला सत्कार म्हणजे नुसते आभार. आधी केला की प्रोत्साहन. शिवाय रक्त दिल्यावर तो मरगळलेला असणार, फोटोत ताठ दिसणार नाही. अर्ध्या तासाचा कार्यक्रम. शाल, श्रीफळ, तुमचं दोन शब्द उत्तर, की साडेआठला तुम्ही रिक्षात."

शाल हा शब्द ऐकला आणि भास्कररावांच्या छातीत काहीतरी हललं. त्याचं कारण सांगितलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी, मे अखेरीस, ते निवृत्त झाले. निरोपसमारंभ ठरला होता, शाल आणली होती, बटाटेवड्यांची ऑर्डर गेली होती. पण तेव्हा निवडणुकीची आचारसंहिता लागू होती आणि त्यांचे साहेब फुंकून पाणी पिणारे. 'उगाच कोणी तक्रार केली तर?' म्हणून कार्यक्रम पुढे ढकलला. आचारसंहिता उठली, तोवर साहेबांची बदली झाली. शाल एका कपाटात राहिली आणि कपाटाची चावी कोणाकडे ते शेवटपर्यंत कळलं नाही. चौतीस वर्षांच्या सेवेनंतर भास्कर मुळ्ये शेवटच्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन चालत घरी आले होते. 'काही नाही हो, असल्या गोष्टींचं मला काही वाटत नाही' असं ते सगळ्यांना सांगत. रत्नागिरीतलं एकही लग्न, मुंज, वास्तुशांत नव्हती जिथे त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

"बघू," ते सदूभाऊंना म्हणाले. कमलाताईंनी कपाळावर हात मारला. या घरात 'बघू'चा अर्थ काय होतो ते त्या जाणून होत्या.

आता एक अडचण निघाली. सोसायटीच्या नियमाप्रमाणे हॉलमध्ये कुत्रा आणायला बंदी होती. हा नियम बटाटा आल्यावर, बटाट्यासाठीच, सदूभाऊंनी केला होता. "अर्ज द्या, मी मंजूर करतो," ते म्हणाले. भास्कररावांना अर्ज म्हटलं की राहवत नाही. विषय, संदर्भ, महोदय, सबब विनंती की, असा सांगोपांग अर्ज त्यांनी तयार केला. सदूभाऊंनी तो वाचला, पेन काढलं आणि खाली लिहिलं, 'चर्चा करावी.' कमिटीतले दोघे गणपतीपुळ्याला गेले होते. ते आल्यावर जिन्यातच चर्चा झाली. ती होईपर्यंत भास्करराव दाराच्या आत उभे होते, आणि आपल्या हाताखालून गेलेल्या हजारो अर्जदारांबद्दल त्यांना प्रथमच थोडी कणव आली.

परवानगी मिळाली. जेवणं होईपर्यंत भाषणही तयार झालं. ते त्यांनी कमलाताईंना स्वयंपाकघरात, त्या ओटा पुसत असताना, म्हणून दाखवलं.

"रक्त बटाटा देणार," कमलाताई फडकं पिळत म्हणाल्या. "यात तुमची चौतीस वर्षं कुठून आली?"

"ओघात येतात ती."

सकाळी आठला हॉल भरला. माइक दोनदा किंचाळला आणि मग नीट बोलायला लागला. बटाट्याला व्यासपीठावर सतरंजी घातली होती, त्यावर तो बसला. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तो त्याने फोटो निघेपर्यंत खाऊन संपवला. दर्शनाने त्याला ओवाळलं आणि रीत म्हणून तोंडात पेढा घातला. रीत म्हणून पाठोपाठ सहा बायकांनी घातला. कमलाताई तिसऱ्या रांगेतून "अहो, नका ना, पोट रिकामं ठेवायचंय त्याचं" म्हणत होत्या, पण त्यांचा आवाज स्वागतगीतात बुडाला.

माजी सभापती काही येईनात. ते हातखंब्याला पोचले, मग कुवारबावला पोचले, मग बराच वेळ कुवारबावलाच होते. नऊ वाजून गेले तसा भास्कररावांच्या खिशात फोन थरथरला. "काका, पिशवी आलीय, बटाट्याचे रिपोर्ट उत्तम आहेत, जुळतंयही. कुठे पोचलात?"

"निघालोच," भास्करराव कुजबुजले. हे खोटं नव्हतं. मनाने ते केव्हाच निघाले होते, शरीर तेवढं शालीपाशी अडलं होतं. समोरच्या टेबलावर तबकात ती शाल होती. मोरपंखी रंग, बारीक जरीचा काठ, घडीवर नारळ. आपल्या खांद्यावर ती कशी दिसेल, आणि मग उत्तराला उठताना ती सावरायची की तशीच राहू द्यायची, एवढाच प्रश्न उरला होता.

शेवटी सभापती आले. दीपप्रज्वलन झालं. वारा होता, पाचही वाती लागेपर्यंत सगळे उभे. पाहुण्यांचा परिचय सदूभाऊंनी करून दिला, तो जन्मापासून. मग सभापती बोलायला उभे राहिले आणि आपण स्वतः तरुणपणी कसं रक्त दिलं होतं इथपासून ते थेट बंदराच्या विकासापर्यंत गेले. फोन पुन्हा थरथरला.

"काका," डॉक्टर समीक्षांचा आवाज या वेळी वेगळा होता. "खंड्या हाक मारली तरी डोळे उघडत नाहीये. तुम्ही येताय ना? नसाल येत तर तसं सांगा, मी दुसरीकडे फोन लावते. पण दुसरं कोणी नाहीये हो."

भास्करराव फोन कानाला लावून तसेच बसले. सभापती बंदरावरून परत येत होते. सदूभाऊंनी तबक उचललं होतं. शाल आता दोन हातांवर होती. फार तर पाच मिनिटं. चौतीस वर्षं आणि वर दोन वर्षं थांबलेल्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे काय. आणि तेवढ्यात त्यांना तो म्हातारा दिसला, बाकड्यावर, मांडीवर गोधडी घेऊन. आपण इथे शालीची वाट बघत बसलोय आणि तिथे तो गोधडी घट्ट धरून दाराकडे बघतोय, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. अगदी कानापर्यंत लाज वाटली.

"निघालो," ते फोनवर म्हणाले आणि उठले. "बटाटा, चल."

"काका, बसा, आता शालच," सदूभाऊ माइकवर म्हणाले. सगळ्या हॉलने ते ऐकलं.

"राहू दे," भास्करराव म्हणाले. एवढंच. चर्चा नाही, बघू नाही. बटाटा पेढ्यांच्या ताटापासून हलेना, तेव्हा त्यांनी त्याला दोन्ही हातांनी मागून ढकलत व्यासपीठावरून उतरवलं. एका सत्कारमूर्तीने दुसऱ्या सत्कारमूर्तीला असं ढकलत नेताना सोसायटीने पहिल्यांदाच पाहिलं. मागाहून कळलं की कार्यक्रम काही थांबला नाही. शाल कमलाताईंच्या खांद्यावर घालून झाली आणि सभापती पुन्हा बोलले.

फाटकाशी बाबूची रिक्षा उभी होती. "कुत्रा गाडी खराब नाय ना करणार?" बाबूने विचारलं. भास्करराव कुलीन आवाजात म्हणाले, "तो फार शिस्तीचा आहे." मारुती मंदिराच्या वळणावर बटाट्याने सात पेढे आणि झेंडूचा हार शिस्तीत भास्कररावांच्या नव्या शर्टावर परत केला. बाबूने आरशातून बघितलं आणि सीटखालचं फडकं मागे दिलं, ते जास्त लागलं.

दवाखान्यात डॉक्टर समीक्षा दारातच उभ्या होत्या. त्यांनी शर्ट बघितला, बटाट्याच्या कपाळावरचं कुंकू बघितलं. "पोटात काय आहे याच्या?"

"आता काही नाही," भास्करराव खाली मान घालून म्हणाले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यापुढे रागावण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. बटाट्याला टेबलावर आडवं घेतलं, मानेवरचे केस भादरले, औषधाचा बोळा फिरवला. शेजारच्या टेबलावर खंड्या होता आणि त्याच्या पायाशी रावजी उभा. उशीर का झाला असं त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर भास्कररावांना बरं वाटलं असतं.

सुई बघून बटाटा उठला. पुन्हा आडवा केला, पुन्हा उठला. "झोपेचं औषध द्यायला आता वेळ नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काका, त्याच्या तोंडाशी उभे राहा आणि बोलत राहा. ओळखीचा आवाज ऐकला की शांत पडेल. थांबू मात्र नका."

आता आली पंचाईत. बटाट्याशी बोलायचं काम कमलाताईंचं. त्या त्याच्याशी भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना तासन्‌तास बोलत. भास्करराव त्याच्याशी फक्त कार्यालयीन भाषेत बोलत. "बटाटा, बस," ते म्हणाले. बटाटा उठून बसला. "नाही, नाही, नीज." पुढे काय? हवापाणी? त्यांची मान सुईकडे वळली आणि त्यांनी डोळे गच्च मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, कालपासून पाठ केलेली.

"आदरणीय व्यासपीठ," भास्करराव म्हणाले, "आणि उपस्थित बंधू-भगिनींनो."

बटाट्याने कान टवकारले.

"आज माझ्यासारख्या एका सामान्य कर्मचाऱ्याचा आपण जो गौरव केलात, त्याने मी भारावून गेलो आहे. छत्तीस वर्षांपूर्वी, एका पावसाळी सकाळी, मी कनिष्ठ लिपिक म्हणून सेवेत रुजू झालो." इथे बटाट्याने एक मोठा सुस्कारा टाकला. मंडणगडच्या बदलीपर्यंत त्याने हनुवटी भास्कररावांच्या मनगटावर टेकवली. शाळेच्या गळक्या छपराच्या प्रकरणात त्याचे डोळे मिटले. कचेरीतल्या सभांत साहेब बोलायला लागले की लोक जसे निवांत व्हायचे, तसाच तो निवांत झाला आणि पिशवी भरू लागली.

भास्कररावांचे डोळे मिटलेलेच होते. पाठ केलेलं संपलं. थांबू नका म्हणून सांगितलं होतं. मग ते जे पाठ केलेलं नव्हतं तेही बोलायला लागले. "खरं सांगायचं तर, शेवटच्या दिवशी मला कोणी काही म्हणालं नाही. टेबल आवरलं. माझा चहाचा कप होता, तो घ्यावा की ठेवावा कळेना. शेवटी ठेवला. जिना उतरताना वाटलं कोणी हाक मारेल. फार सावकाश उतरलो. मला फार वाईट वाटलं होतं. मी लोकांना सांगतो की नाही वाटलं. पण वाटलं."

"अरेरे," रावजी म्हणाला.

भास्कररावांनी डोळे उघडले. दोन वर्षांत या विषयावर त्यांना कोणी अरेरे म्हटलं नव्हतं.

"झालं काका," डॉक्टर समीक्षा म्हणाल्या. बटाट्याच्या मानेवर पट्टी लागली होती. तो घोरत होता. भरलेली पिशवी आता खंड्याच्या डोक्यावर लटकत होती. "सावकाश चढवायला लागेल. तीन-चार तास. तुम्ही जरा बसा, तुमचाच चेहरा पांढरा पडलाय."

भास्करराव बसले. भाषणाचा आभाराचा भाग राहूनच गेला होता आणि ते त्यांना उगाच टोचत होतं. खंड्या निपचित होता. थोड्या वेळाने मात्र त्याच्या पायांची चुळबुळ सुरू झाली, तो कण्हू लागला, नळी ओढली जाईल की काय असं वाटू लागलं. रावजीने त्याच्या कपाळावर हात ठेवला. तो काहीतरी पुटपुटला, पण त्याचा आवाज फुटत नव्हता. चार दिवसांच्या काळजीने म्हाताऱ्याचा घसा पार बसला होता.

"सायब," तो कसाबसा म्हणाला. "तुमचं ते मगासचं पुन्यांदा सांगाल काय? तुमी बोलत व्हतात तवा ह्यो गप पडला व्हता. मी बघत व्हतो. सांजच्याला कोनतरी बोललेलं लागतं त्येला."

"कुठपासून सांगू?" भास्कररावांनी विचारलं.

"पयल्यापासून सांगा. आमाला काय घाई नाय."

भास्करराव उठले. माखलेला शर्ट त्यांनी खाली ओढून नीट केला आणि खंड्याच्या टेबलापाशी उभे राहिले. या वेळी डोळे उघडे ठेवले. आदरणीय व्यासपीठापासून सुरुवात झाली. मंडणगड सविस्तर झालं. शाळेचं छप्पर सविस्तर झालं. रावजी मध्ये मध्ये "मग?" म्हणत होता, आणि "मग?" म्हटल्यावर भास्कररावांना कधी कोणाला न सांगितलेलं आठवत होतं. चहाच्या कपापाशी तो पुन्हा "अरेरे" म्हणाला. डॉक्टर समीक्षा अधूनमधून येऊन हिरड्या बघून जात होत्या. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा त्या रावजीला म्हणाल्या, "बघा, गुलाबी दिसायला लागल्या." रावजी खाली बसला आणि टोपीने तोंड झाकून रडला.

पिशवीच्या तळाशी थोडंसंच उरलं होतं तेव्हा भास्करराव आभारावर आले. सहकाऱ्यांचे मानले, पत्नीचे मानले, बटाट्याचे नाव घेऊन मानले. "आपण सर्वांनी माझे चार शब्द शांतपणे ऐकून घेतलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे," ते म्हणाले. "आणि इथेच थांबतो."

पत्र्याच्या टेबलावर टप, टप असा आवाज आला. खंड्याने डोळे उघडले होते आणि गोधडीखालून त्याची शेपूट हलत होती.

भास्कर मुळ्ये यांनी हात जोडले आणि मान लववून त्या टाळ्यांचा स्वीकार केला.